निम्मा पैसा विद्यार्थ्यांचा, पण कोणत्या?

कोविडच्या साथीत, 27 मार्च 2020 रोजी अमेरिकेत आर्थिक मदतीचा ‘केअर्स’ कायदा झाला आणि उच्च शिक्षणाच्या वाट्याला सुमारे 14 अब्ज डॉलर आले. विद्यापीठांना अट अशी की, मुख्य अनुदानातला किमान निम्मा पैसा थेट विद्यार्थ्यांच्या हाती द्यायचा. जेवण, घरभाडे, लॅपटॉप, औषधपाणी, अगदी मुलांच्या पाळणाघरासाठीही. तो परत फेडायचा नव्हता आणि त्यावर प्राप्तिकरही नव्हता.

मेख पुढेच होती. एप्रिलमध्ये शिक्षणमंत्री बेट्सी डेव्होस यांच्या खात्याने परदेशी विद्यार्थ्यांना यातून वगळले. परदेशी विद्यार्थ्यांच्या एफ-1 व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास, तेही बहुधा कॅम्पसवरच काम करता येते. साथीत कॅम्पसवरचे भोजनगृह आणि ग्रंथालय बंद पडले, की पुण्या-मुंबईहून गेलेल्यांची वरकमाईही बंद. शुल्क मात्र त्यांचेच सर्वांत जड! हा सरळसरळ अन्याय होता. मंत्री बदलल्यावर, मे 2021 मध्ये नियम सुधारला. तोवर वर्ष उलटले होते.

सरकारी मदतीचा असा भरवसा नसतो; म्हणून परदेशी शिकायला निघालेल्यांनी विद्यापीठाचा स्वतःचा आपत्कालीन निधी आपल्याला खुला आहे का, हे प्रवेश घेतानाच लेखी विचारून घ्यावे.