संघाच्या दारातली अट

राजकीय संघ आपल्यात येऊ पाहणाऱ्या राज्याला सुधारू शकतो काय? शकतो, पण दारात कोणती अट घातली आणि कोणाच्या हितासाठी घातली, यावर सारे अवलंबून असते. सातारा-सांगलीचा इतिहास या दृष्टीने तपासला पाहिजे.

१९३५ च्या कायद्याने प्रांत आणि संस्थाने यांचे संघराज्य योजिले. कनिष्ठ सभागृहातील ३७५ पैकी १२५ जागा संस्थानांच्या. त्या भरायच्या संस्थानिकांनी, प्रजेने नव्हे. आत येताना राजाला आपली राजवट बदलावी लागणार नव्हती. २९ जानेवारी १९३९ रोजी पुण्यात बाबासाहेबांनी या योजनेची चिरफाड केली. त्याच महिन्यात औंधच्या पंतप्रतिनिधींनी ग्रामपंचायतींवर उभारलेली राज्यघटना प्रजेला दिली. ती संघराज्याने मागितली नव्हती. तिच्यामागे गांधीजींचा सल्ला होता.

पुढे वारे फिरले. औंध, भोर, फलटण, सांगली अशा संस्थानांचा दख्खन संघ करण्याचे ठरले, तेव्हा प्रजेला जबाबदार राज्यकारभार दिल्यावाचून त्याला मान्यता मिळणे शक्य नव्हते. संघ टिकला नाही. ८ मार्च १९४८ रोजी ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली.

राजा गेला. पण गावकुसाबाहेरच्या माणसाची वेठ गेली काय? महार वतनाविरुद्धचे विधेयक बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबई कौन्सिलात मांडले होते. कनिष्ठ गाव-वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. जबाबदार राज्यपद्धतीची अट पुरी झाली म्हणून जातीची अट सुटत नाही.

युरोपीय संघाने १९९३ मध्ये कोपनहेगन येथे अधिक स्पष्ट अटी घातल्या: लोकशाही, कायद्याचे राज्य, अल्पसंख्याकांचे संरक्षण आणि चालती बाजारव्यवस्था. प्रवेशाच्या आशेने तुर्कस्तानने फाशीची शिक्षा रद्द केली. चेक प्रजासत्ताक, स्लोव्हाकिया आणि हंगेरी २००४ मध्ये आत आले. मात्र तिथल्या रोमा मुलांना शाळेत वेगळे बसवणे थांबले नाही. २०१४ ते २०१६ या काळात याच कारणावरून संघाला तिन्ही देशांवर कारवाई सुरू करावी लागली. उमेदवार दारात उभा असतो तोवर संघाचा धाक असतो. एकदा आत आला की तो धाक ओसरतो.

म्हणून अट लिहिणाऱ्यांत आणि प्रवेशानंतर ती तपासणाऱ्यांत दलितांची माणसे हवीत. नाहीतर अट कागदावर पुरी होते आणि वाडा जागच्या जागी राहतो.