तळेगावची समर्थ शाळा

तळेगाव दाभाडे हे मावळातले गाव. तेथे समर्थ विद्यालय नावाची राष्ट्रीय शाळा होती. राष्ट्रीय शाळा म्हणजे सरकारवर न विसंबता लोकांच्या बळावर चालणारी शाळा. ही शाळा प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर यांनी १९०६ साली काढली.

अशा शाळांत अक्षराबरोबर अंगबळालाही मान असे. बळ कमवायला पैसा लागतोच असे नाही. सूर्यनमस्काराला माणसाच्या लांबीएवढी जमीन पुरते. मल्लखांबाला एक लाकडी खांब पुरतो. त्याला एरंडेल चोळतात. मग हात निसटतो, म्हणून पकड घट्ट धरावी लागते. तेणेकरून हात, पाय, पोट सारेच बळकट होते.

इंग्रज सरकारला मात्र अशा शाळांची धास्ती वाटे. शिकलेला आणि धट्टाकट्टा माणूस उगाच कुणापुढे वाकायचा नाही! 'विश्ववृत्त' मासिकात १९०८ साली छापलेल्या एका लेखावरून विजापूरकरांना तुरुंगात जावे लागले. १९१० साली सरकारने शाळाही बंद केली.

पण शाळेला कुलूप लागले, तरी शिकलेले कोण काढून घेणार? पुढे तळेगावात 'नवीन समर्थ विद्यालय' उभे राहिले. जुने नाव गावाने टाकले नाही.

आपणही आता वाचू लागलो आहोत. रोज एक पान वाचू या आणि बारा नमस्कार घालू या.