परदेशात चार रात्री: हॉटेल कुठल्या भागात घ्यायचं, हे फोनवरच कसं ठरवाल?

आमच्या सोमेश्वरनगरात कुठल्याही प्रवासाची तारीख आधी ऊसतोड ठरवते, मग आपण. अण्णा दोन वर्षं म्हणत होते, "ऊस तुटून गेला की दुबईला जाऊ." माझा धाकटा भाऊ तिथे जबल अलीच्या बाजूला एका गोदामात कामाला आहे. खोलीत सहा जण राहतात, त्यामुळे आई-अण्णांना त्याच्याकडे उतरता येणार नव्हतं. विमानाचं तिकीट काढणं सोपं होतं. खरा प्रश्न होता चार रात्री राहायचं कुठे, आणि तो सोडवायचं काम माझ्याकडे आलं.

मी स्वतः आधी एकदा दुबईला गेलो होतो तेव्हा चांगलाच फसलो होतो. ॲपमध्ये 'कमी किंमत आधी' असा क्रम लावला आणि सगळ्यात वर दिसलेलं हॉटेल घेतलं. खोली स्वच्छ होती, पण हॉटेल शहराच्या पार कडेला. मोफत बस दिवसातून दोनदाच. ती चुकली की टॅक्सी. तीन दिवसांत खोलीवर वाचवलेले पैसे टॅक्सीत गेले, आणि वेळ गेला तो वेगळाच. तेव्हा ही चूक आई-अण्णांच्या वाट्याला येऊ द्यायची नाही, हे मनाशी ठरवलं होतं. या वेळी जे केलं ते पायरी-पायरीने सांगतो. उदाहरण दुबईचं असलं तरी पद्धत कुठल्याही शहराला चालेल.

१. हॉटेल नंतर, आधी नकाशा

आपल्याला शिवाजीनगर कोर्टात काम असेल तर वाघोलीला लॉज स्वस्त मिळाला म्हणून आपण तिथे उतरतो का? नाही. कारण पुणे आपल्याला माहीत असतं. परदेशी शहर माहीत नसतं, म्हणून आपण फक्त किमतीकडे बघतो.

गुगल मॅप्स उघडा आणि जिथे जिथे जायचंय ती ठिकाणं एका यादीत सेव्ह करा. मी विमानतळ, बुर्ज खलिफा, खाडीकाठचा जुना बाजार आणि भावाची खोली अशा चार खुणा केल्या. मग दुबईची रचना लगेच लक्षात आली. शहर समुद्राच्या कडेने लांबट पसरलंय. एका टोकाला विमानतळ आणि खाडी, दुसऱ्या टोकाला जबल अली. या लांबीतून मेट्रोची रेड लाइन जाते. २००९ साली सुरू झालेल्या या मेट्रोमुळे टॅक्सीचा खर्च बराच वाचतो, पण हॉटेल स्टेशनजवळ असेल तरच.

मग चार भाग निवडले. पहिला देरा: विमानतळाजवळ, स्वस्त. दुसरा बर दुबई: मीना बाजार तिथेच, भारतीय जेवणाची रेलचेल. तिसरा अल बर्शा: रेड लाइनवर, मधल्या किमतीची हॉटेलं. चौथा मरीना: देखणा, पण खिशाला जड.

माझं मत बर दुबईकडे होतं. आईला पोळी-भाजी मिळेल, आजूबाजूला हिंदी बोलणारे भेटतील. मी घरी तसं सांगितलं. आई म्हणाली, "आरं, आमी पोराला बघायला चाललोय. बुर्ज काय, फोटोत बी दिसतो."

सगळा हिशेब तिथेच बदलला. कुठे राहायचं हे ठरवताना आपण 'बघायची ठिकाणं' मोजतो. पण तुमच्या सहलीतले सगळ्यात महत्त्वाचे तास कुठे जाणार आहेत, ते आधी ठरवायला हवं.

२. अंतर किलोमीटरमध्ये नाही, वेळेत मोजा

गुगल मॅप्समध्ये मार्ग काढताना बस-मेट्रोचं चिन्ह निवडा आणि 'निघण्याची वेळ' बदला. आपण दुपारी घरी बसून बघतो तेव्हाचा वेळ आणि संध्याकाळी कामावरून सुटल्यावरचा वेळ यात फरक पडतो.

भाऊ काम संपवून, अंघोळ करून साडेसहाला निघणार. बर दुबईला पोचायला चालणं, मेट्रो, गाडी बदलणं धरून त्याला सव्वा तास लागत होता. पहाटे कामाची बस असल्याने पावणेदहाला परत निघणं भाग. म्हणजे आई-अण्णांबरोबर जेमतेम दोन तास. अल बर्शाला मात्र तो अर्ध्या तासात पोचत होता आणि सव्वादहापर्यंत थांबू शकत होता. तीन तासांच्या वर. शिवाय अल बर्शाहून बुर्ज खलिफाचं स्टेशन मेट्रोने वीसेक मिनिटांवर, म्हणजे फिरण्याचंही फार नुकसान नाही.

आणखी एक गोष्ट. नकाशावर सरळ रेषेत ३०० मीटर दिसलं म्हणून फसू नका. अल बर्शाजवळून शेख झायेद रोड जातो. दोन्ही बाजू मिळून बारा-चौदा पदरी रस्ता. तो चालत ओलांडायचा तर मेट्रो स्टेशनच्या पुलावरूनच. हॉटेल रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहे ते बघा आणि 'चालत' हा पर्याय लावून खरा रस्ता तपासा. अण्णांचे गुडघे दुखतात, म्हणून मी 'चालत दहा मिनिटांच्या आत' ही अट ठेवली. स्ट्रीट व्ह्यूमध्ये फुटपाथ आणि हॉटेलच्या दाराच्या पायऱ्याही बघून घेतल्या.

स्टेशनांची नावंही बदलतात. दुबईत कंपन्या पैसे देऊन स्टेशनला आपलं नाव लावतात. बर दुबईतलं अल फहिदी स्टेशन आता शराफ डीजी झालंय. त्यामुळे जुन्या माहितीतलं नाव नकाशावर ताडून बघा.

३. दिसते ती किंमत पूर्ण नसते

आपल्याकडच्या ॲपवर मोठ्या अक्षरात किंमत आणि खाली बारीक अक्षरात 'अधिक कर' असतं. दुबईत खोलीच्या भाड्यावर साधारण १० टक्के सेवा शुल्क, ७ टक्के नगरपालिका शुल्क आणि ५ टक्के व्हॅट लागतो. याशिवाय 'टुरिझम दिरहम' नावाचं शुल्क असतं. हॉटेलच्या दर्जानुसार दर खोलीला, दर रात्री ७ ते २० दिरहम. हे बहुतेक वेळा हॉटेलच्या काउंटरवर वेगळं घेतात. म्हणजे २०० दिरहमची दिसणारी तीन तारांकित खोली प्रत्यक्षात साधारण २५५ ला पडते.

म्हणून तुलना करताना शेवटच्या पानापर्यंत जा, एकूण रक्कम लिहून घ्या आणि मागे या. पैसे तोपर्यंत कटत नाहीत. त्यात रोजचा येण्या-जाण्याचा खर्च मिळवा. आमच्या हिशेबात अल बर्शा चार रात्रींना बर दुबईपेक्षा साधारण दोनशे दिरहमने महाग पडत होतं. अण्णांना मी सांगितलं, "दोनशे दिरहमला रोज संध्याकाळी तासभर जास्त मिळतोय." ते म्हणाले, "मग घे की."

कार्डाने पैसे भरताना मशीनने 'रुपयांत की दिरहममध्ये' विचारलं तर दिरहम निवडा. रुपये निवडले की भाव मशीनवाला लावतो आणि तो सहसा महाग असतो. बँकेचं परदेशी व्यवहाराचं शुल्क आधी विचारून ठेवा. अनेक हॉटेलं अनामत रक्कमही घेतात, तेवढी सोय कार्डावर किंवा रोख ठेवा.

४. मध्यरात्रीचं विमान आणि तारखेचा घोळ

ही चूक भल्याभल्यांची होते. आपल्याकडून आखाताला जाणारी बरीच विमानं रात्रीची असतात. आमचं मुंबईहून गुरुवारी रात्री सुटणारं होतं. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. विमान तिथल्या वेळेने मध्यरात्रीनंतर, म्हणजे शुक्रवारी उतरणार.

मग बुकिंग कुठल्या तारखेपासून? शुक्रवारपासून घेतलं तर खोली मिळणार दुपारी दोन-तीनला. पहाटेपासून तोपर्यंत म्हाताऱ्या माणसांनी सोफ्यावर बसायचं. म्हणून बुकिंग गुरुवारपासून घ्यायचं आणि हॉटेलला मेसेज करून कळवायचं की आम्ही पहाटे पोचतोय, नाहीतर 'पाहुणे आलेच नाहीत' म्हणून बुकिंग रद्द होऊ शकतं. त्या वेळी मेट्रोही बंद असते. विमानतळावरच्या टॅक्सीचं मीटर २५ दिरहमपासून सुरू होतं, ते धरून चाला.

तिथे व्हॉट्सॲपवर मेसेज जातो, पण कॉल सहसा लागत नाही. त्यामुळे हॉटेलचा पत्ता आणि फोन नंबर मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिला आणि नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवला.

५. रिव्ह्यू कसे वाचायचे?

सरासरी गुणांवर जाऊ नका. 'नवीन आधी' असा क्रम लावा, कारण दोन वर्षांपूर्वीची लिफ्ट आज बंद असू शकते. मग रिव्ह्यूमध्ये आपल्या गरजेचा शब्द शोधा: लिफ्ट, आवाज, खिडकी, गरम पाणी. एकट्या माणसाची तक्रार सोडून द्या. तीच गोष्ट तिघांनी लिहिली असेल तर ती खरी धरा. बुकिंग साइटवर सहसा तिथे राहिलेल्यालाच लिहिता येतं, गुगल मॅप्सवर कुणीही लिहू शकतं. म्हणून दोन्हीकडे बघा.

'फक्त १ खोली शिल्लक' वाचून घाई करू नका. त्याचा अर्थ त्या साइटकडे त्या प्रकारची एकच खोली उरलीय एवढाच असतो. आणि 'आमची शिफारस' या क्रमामागे साइटला मिळणारं कमिशनही असू शकतं.

६. रद्द करता येणारं बुकिंग

आमची तोड एकदा पंधरा दिवस पुढे गेली. टोळीच आली नाही. परत न मिळणारं बुकिंग थोडं स्वस्त होतं, पण मी मोफत रद्द होणारं घेतलं होतं म्हणून वाचलो. व्हिसा हातात येईपर्यंत तरी असंच बुकिंग ठेवा. 'कुठल्या तारखेपर्यंत मोफत' हे बघा, आणि ती वेळ तिथल्या घड्याळाप्रमाणे धरा. फोनवर गजर लावून ठेवा.

७. हॉटेल की घर?

चार जण आठवडाभर जाणार असाल तर स्वयंपाकघर असलेलं घर परवडतं. पण नियम शहरागणिक बदलतात. दुबईत अशा घरांना सरकारी परवाना लागतो. सिंगापूरमध्ये खासगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी काळासाठी भाड्याने देता येत नाही. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून तीस दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी घरमालकाची नोंदणी आणि हजेरी सक्तीची केलीय. ॲपवर दिसतंय म्हणजे ते कायदेशीरच आहे असं नाही. दोन-चार रात्रींसाठी हॉटेलच बरं.

खोलीत किती माणसं, हेही आधीच स्पष्ट करा. भावाची सुट्टी रविवारी. शनिवारी रात्री तो आई-अण्णांजवळ झोपणार होता. हॉटेलला आधी विचारून तीन माणसांची खोली घेतली आणि काउंटरवर त्याचं ओळखपत्र दाखवून नाव नोंदवलं. न विचारता कुणाला खोलीत थांबवलं तर ऐनवेळी वाद होतो.

थोडक्यात, या क्रमाने जा: आपले महत्त्वाचे तास कुठे जाणार ते ठरवा, त्या वेळेचा प्रवास मोजा, करासकट एकूण खर्च काढा, पोचायची तारीख तपासा, नवे रिव्ह्यू वाचा, रद्द करण्याची मुदत लिहून ठेवा. हॉटेलचे फोटो सगळ्यात शेवटी बघा.

आई-अण्णा परतले तेव्हा त्यांना हॉटेलचं नावही नीट आठवत नव्हतं. आईने एवढंच सांगितलं, "शनिवारी रातच्याला तिघं बी एक वाजेस्तोवर बोलत बसलो हुतो." बुर्ज खलिफा त्यांनी खालूनच पाहिला.