विश्लेषण : मिसळीची चव गावागणिक का बदलते? पुणेरी, कोल्हापुरी, नाशिकच्या मिसळीत नेमका फरक काय?

पुण्याहून मिरजेकडे जाणारी रेल्वे सातारा सोडल्यावर कोरेगाव, रहिमतपूर, कराड, किर्लोस्करवाडी, सांगली अशी खाली उतरत जाते. रहिमतपूरहून औंध जवळ. यमाईचे मंदिर आणि भवानी चित्रसंग्रहालयासाठी प्रसिद्ध असलेले हे गाव खाद्यपदार्थांसाठी फारसे कोणाला ठाऊक नाही. पण या मार्गाच्या एका टोकाला पुण्याची गोडसर मिसळ आहे आणि मिरजेहून वळून कोल्हापूरला गेले की दुसऱ्या टोकाला लालभडक कट. मटकी तीच, फरसाणही जवळपास तेच. मग चव एवढी बदलते कशी?

मिसळ म्हणजे नेमके काय?

मिसळीचे तीन थर असतात. तळाशी मोड आलेल्या मटकीची उसळ, त्यावर फरसाण किंवा शेव-चिवडा, कच्चा कांदा आणि कोथिंबीर, आणि या सगळ्यावर ओतला जाणारा पातळ रस्सा. हा रस्सा कोल्हापुरात ‘कट’, पुण्यात ‘सँपल’ आणि विदर्भात ‘तर्री’ होतो. सोबत लिंबाची फोड आणि पाव किंवा ब्रेड. काही ठिकाणी तळाशी पोहे किंवा बटाट्याची भाजी असते, तर मुंबईकडे मटकीच्या जोडीला किंवा तिच्याऐवजी वाटाणाही चालतो.

मटकी हे कमी पाण्याचे पीक. जमिनीलगत पसरणारा वेल ओल धरून ठेवतो आणि पाऊस दगा देऊन गेला तरी चार शेंगा हाती लागतात. म्हणूनच खटाव, माण, आटपाडीसारख्या पर्जन्यछायेच्या तालुक्यांत बाजरीच्या जोडीने मटकी आणि हुलगा पेरण्याची जुनी रीत आहे. देशात मात्र मटकीचे सर्वाधिक उत्पादन राजस्थानात होते. म्हणजे ‘आमच्या गावची खास मिसळ’ असे सांगणाऱ्या हॉटेलातील मुख्य कडधान्य अनेकदा मारवाडातून आलेले असते. मिसळीचे गावपण मटकीत शोधून उपयोग नाही. ते रश्श्यात आहे.

औंध संस्थानाच्या नकाशावरून चवीबद्दल काय कळते?

औंध संस्थान सलग नव्हते. ७२ गावांचे हे संस्थान तुकड्यातुकड्यांत विखुरलेले होते. औंध आजच्या सातारा जिल्ह्यात, आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात, तर गुणदाळ थेट कर्नाटकातील विजयपुराकडे. १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत या सर्वांचा राजा एक होता, कायदा एक होता. ताट मात्र एक नव्हते. कुंडल कृष्णाकाठचे, ऊस आणि हळदीच्या पट्ट्यातले. आटपाडी माणदेशातली, बाजरी आणि मेंढरांची. गुणदाळकडे ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी.

राज्याची सीमा आणि चवीची सीमा वेगळी असते, ती अशी. चव ठरते ती आठवडी बाजारात कोणती मिरची येते, घरात कोणता मसाला कुटला जातो आणि सकाळी भूक कोणत्या कामानंतर लागते यावर. या हिशेबाने सातारा, सांगली आणि कोल्हापूर हा एकच पट्टा आहे : कांदा-लसूण मसाल्याचा. इथे त्याला मसाला म्हणतही नाहीत, ‘चटणी’ म्हणतात. चैत्र-वैशाखात मिरच्या वाळवायच्या, देठ काढायचे, धणे, तीळ, खोबरे, खडा मसाला भाजायचा, कांदा-लसूण घालायचा आणि सगळे डंकावर कुटून आणायचे. वर्षाची बेगमी एका दिवसात होते. त्या दिवशी डंकाच्या आसपास उभे राहणाऱ्याला शिंका चुकत नाहीत. पुण्यातील जुन्या उपाहारगृहांची मिसळ ज्या गोड्या मसाल्यावर वाढली, त्यात लसूण आणि कांदा नसतो. धणे, तीळ, खोबरे, दगडफूल आणि दालचिनीचा वास असतो. फरकाचे मूळ इथे आहे, तिखटाच्या कमी-जास्त प्रमाणात नाही.

कोल्हापुरी कट लाल का दिसतो?

पाहताक्षणी घाम फुटावा असा कटाचा रंग असतो. पण रंग आणि तिखटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गडद रंग प्रामुख्याने ब्याडगी मिरचीचा. कर्नाटकातील हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी बाजारपेठेच्या नावाने ओळखली जाणारी ही सुरकुतलेली मिरची रंगाला भारी आणि तिखटाला सौम्य असते. तिला २०११ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. ठसका येतो तो संकेश्वरी किंवा लवंगी मिरचीमुळे. दोन्हींचे प्रमाण हेच प्रत्येक घराचे आणि हॉटेलचे गुपित.

मिरचीतील लाल रंगद्रव्य पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. त्यामुळे कट करताना आधी तेलात कांदा-लसूण-खोबऱ्याचे वाटण तेल सुटेपर्यंत परततात, मग आच कमी करून चटणी घालतात. तेल फार तापलेले असेल तर चटणी करपते आणि कट काळपट, कडवट होतो. त्यानंतर गरम पाणी घालून मंद आचेवर उकळत ठेवले की रंगीत तेल वर येते. तोच तवंग. तेल वाचवायला गेले की रंग फिका पडतो आणि चवही. खाद्यतेल महागले की मिसळ महागते, यामागे हे साधे कारण आहे.

मिरचीचा जाळही पाण्यात विरघळत नाही. म्हणून ठसका लागल्यावर घटाघट पाणी प्यायले तर जाळ तोंडभर पसरतो. दुधातील प्रथिने तो धरून ठेवतात, त्यामुळे दही किंवा ताक खरा उतारा. हे नाशिककरांनी नीट ओळखलेले दिसते. तिकडे पुन्हा येऊ.

कोल्हापुरात मिसळीसोबत पाव नव्हे, ब्रेडचे स्लाइस येतात. पातळ कट स्पंजासारखा शोषून घेण्याचे काम स्लाइस चोख करतो. आणि दुसरी खूण : कट संपला की वाढपी न विचारता पुन्हा वाटी भरतो. फडतरे मिसळ शिवाजी उद्यमनगरात आहे, म्हणजे फाउंड्री आणि यंत्रदुरुस्तीच्या कारखान्यांच्या वस्तीत. खासबाग मिसळ कुस्तीच्या मैदानाजवळ. बावडा मिसळ कसबा बावड्यातली. या जागा पाहिल्या की कष्टाच्या आणि मेहनतीच्या सकाळीशी मिसळीचे नाते वेगळे सांगावे लागत नाही.

पुण्याची मिसळ खरेच गोड असते का?

ही अर्धी खरी, अर्धी चेष्टेची गोष्ट. नारायण पेठेतील बेडेकरांच्या मिसळीत गुळाचा गोडवा स्पष्ट जाणवतो. पण त्याच पुण्यात टिळक रस्त्यावरील रामनाथची मिसळ डोळ्यांतून पाणी काढते, आणि कर्वे रस्त्याकडील काटाकिर्रने कोल्हापुरी वळणाची मिसळ पुण्यात रुजवली. सर्वांत वेगळी आहे ती फडके हौदाजवळच्या वैद्य उपाहारगृहाची. शंभरी ओलांडलेल्या या ठिकाणी रस्सा लाल नसतो, हिरवट असतो. हिरवी मिरची, आले आणि कोथिंबिरीचा. मिसळ म्हणजे लाल तवंग असे डोक्यात पक्के बसलेल्यांनी एकदा तरी तिथे जावे. तुळशीबागेतील श्रीकृष्ण भुवनाची गर्दी तर अनेक पिढ्यांची आहे.

नाशिकने वेगळे काय केले?

नाशिकच्या रश्श्याला खान्देशाच्या शेजाराचा वास आहे. खोबरे आणि कांदा चांगला काळपट भाजून केलेला काळा मसाला इथे जास्त चालतो. पंचवटीतील अंबिकाची काळ्या रश्श्याची मिसळ त्याचा नमुना. सोबत भाजलेला किंवा तळलेला पापड, दही, गुबगुबीत पाव आणि शेवटी जिलेबी. तिखट, आंबट, कुरकुरीत आणि गोड एकाच ताटात.

पण नाशिकची खरी कामगिरी पाककृतीची नाही, जागेची आहे. मिसळ गल्लीतल्या हॉटेलातून निघून मळ्यात गेली. शहराबाहेर द्राक्षबागांच्या कडेला, झाडाखाली, खाटांवर बसून खायची ‘चुलीवरची मिसळ’ रविवारच्या सहलीचे निमित्त बनली. साधना हे त्यातले सर्वांत परिचित नाव. पुढे हाच साचा राज्यभर पसरला. महामार्गावर बैलगाडीचे चाक आणि मातीची चूल मांडलेली मिसळ दिसली तर प्रेरणा बहुधा नाशिकची आणि पाटी कोल्हापूरची असते.

मुंबई-ठाण्याने या पदार्थाला प्रसिद्धी दिली. ठाण्यात तहसीलदार कचेरीजवळची ‘मामलेदार मिसळ’ कचेरीच्या नावानेच ओळखली जाते. दादरच्या ‘आस्वाद’च्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनमधील फूडीहब पुरस्कारांत जगातील सर्वोत्तम शाकाहारी पदार्थाचा मान मिळाला. नागपूरकडे तर्री पोह्यांवर जाते आणि तिच्यात मटकीऐवजी हरभरे असतात. तो मिसळीचा चुलतभाऊ म्हणता येईल, सख्खा नाही.

जपानच्या रामेनशी तुलना कशासाठी?

कारण गावागणिक बदलणारा स्वस्त, गरम, रस्सेदार वाडगा जपानकडेही आहे आणि त्यांनी तो जपला कसा, हे पाहण्यासारखे आहे. रामेन मुळात चिनी स्वयंपाक्यांकडून आले. टोकियोच्या आसाकुसा भागात ‘राईराईकेन’ हे रामेनचे गाजलेले दुकान १९१० मध्ये सुरू झाले. (योगायोग असा, की त्याच वर्षी औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसत होती.) आज उत्तरेच्या थंड साप्पोरोत आंबवलेल्या सोयाबीनच्या मिसोचा दाट रस्सा, दक्षिणेच्या हाकातात डुकराची हाडे तासन्‌तास उकळून केलेला दुधाळ रस्सा, तर किताकाता या छोट्या गावात जाड, चपट्या शेवया आणि सोया सॉसचा हलका रस्सा. किताकातात लोक सकाळी नाश्त्यालाच रामेन खातात, हे कोल्हापूरकराला लगेच पटेल.

हाकातात शेवया बारीक असतात. याचा संबंध तेथील मासळीबाजाराशी जोडला जातो : घाईत असलेल्या कामगारांसाठी चटकन शिजणारी शेवई हवी होती. वाडग्यातला रस्सा उरला तर त्यात शेवया पुन्हा मागवतात. कोल्हापुरात नेमके उलटे, ताटातले तसेच राहते आणि कट पुन्हा येतो. दोन्हीकडे मूळ प्रश्न एकच होता, थोड्या पैशांत कष्टकऱ्याचे पोट कसे भरायचे.

सगळीकडे ‘कोल्हापुरी’ पाट्या का वाढल्या?

जपानमध्ये १९५८ साली झटपट रामेनचे पाकीट आले, मोठ्या साखळ्याही आल्या. तरी साप्पोरो, हाकाता, किताकाता ही नावे पुसली गेली नाहीत. उलट गिऱ्हाईक नाव घेऊनच मागू लागले. योकोहामात १९९४ पासून रामेनचे संग्रहालय आहे आणि तिथे वेगवेगळ्या प्रांतांतील दुकानांचे रामेन एका छपराखाली खाता येते.

महाराष्ट्रात उलटी चाल दिसते. ‘झणझणीत’ हा एकच शब्द विकला जातो, त्यामुळे पुण्यापासून नागपूरपर्यंत पाटीवर ‘कोल्हापुरी’ लिहिले जाते. तयार मसाल्याच्या पाकिटातून निघालेला रस्सा सगळीकडे सारखाच लागतो. फरक उरतो तो ‘मीडियम’ आणि ‘तिखट’ एवढाच. यात सर्वांत आधी नुकसान होते ते मधल्या गावांचे. सातारा, कराड, विटा या गावांत घरच्या चटणीवर मिसळ करणारे छोटे हॉटेलवाले आहेत, पण त्यांच्या चवीला स्वतःचे नाव नाही. ते नाव मिळण्याआधीच डंकाची जागा पाकीट घेत आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण तिच्याच पट्ट्यातील चटणीचा हात कोणता, हे ओळखणारे गिऱ्हाईक कमी होत आहे.

खायला कुठे आणि केव्हा जावे?

औंध मध्यबिंदू मानला तर साताऱ्याला सुमारे ४० ते ४५ किलोमीटर, आणि कराडमार्गे कोल्हापूरला सकाळी लवकर निघून नाश्त्यापर्यंत पोहोचता येते. कोल्हापुरातील नावाजलेल्या मिसळी सकाळच्या. दुपार झाली की कट संपलेला असण्याची शक्यता मोठी. सुट्टीच्या दिवशी रांग गृहीत धरावी आणि साप्ताहिक सुट्टीचा वार आधी विचारून घ्यावा. पहिला घास फरसाण मऊ पडण्याआधी घ्यावा, लिंबू शेवटी नव्हे, सुरुवातीलाच पिळावे.

पुण्यात एकाच सकाळी बेडेकर आणि वैद्य ही दोन्ही ठिकाणे चालत होतात. दोन्हीकडे एक-एक मिसळ दोघांत घेतली तर फरक जिभेला लगेच कळतो. नाशिकला रविवारी मळ्यातल्या मिसळीसाठी नऊच्या आत पोहोचणे बरे. आणि साताऱ्याकडच्या रस्त्यावर एखाद्या साध्या हॉटेलात थांबल्यास मालकाला एवढेच विचारावे, चटणी घरची की विकतची? घरची असेल तर तो कोणत्या मिरच्या किती घातल्या हे सोडून बाकी सगळे सांगतो.