मोठी गाडी म्हणजे भक्कम गाडी?

सातारा-सांगलीत गाडी घेताना ‘हायवेला फिरायचंय, मोठीच घ्या’ हा सल्ला हमखास मिळतो. त्यात तथ्य आहे. ९०० किलोची कार आणि १८०० किलोची एसयूव्ही ताशी ६० किलोमीटरने समोरासमोर आदळून एकमेकींत अडकल्या, तर छोटीचा वेग क्षणात ८० ने बदलतो, मोठीचा ४० ने. हा झटका आतल्या माणसाला बसतो. क्रॅश-चाचणीत गाडीला मिळणारे सुरक्षेचे तारे हा फरक दाखवत नाहीत, कारण ताशी ६४ किलोमीटरच्या चाचणीतली धडक साधारण आपल्याच वजनाच्या गाडीशी झाल्यासारखी असते. पण वजन म्हणजे मजबुती नव्हे. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओला शून्य तारे मिळाले. २०२१ मध्ये छोट्या टाटा पंचला प्रौढांच्या सुरक्षेसाठी पाच.

शिवाय धडक दुसऱ्या कारशीच होईल असं कुठे आहे? गळीत हंगामात कराड-वाळवा पट्ट्यात रात्री समोर असते ती उसाची ट्रॉली. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर लोंबणाऱ्या वाढ्यांआड. तिचा सांगाडा उंच असल्याने कारचं बॉनेट खाली शिरतं, चुरगळून धक्का झेलणारा भाग कोराच राहतो आणि मार थेट काचेवर येतो. उंच एसयूव्हीला इथे थोडा फायदा होईल, हे मान्य. पण सगळ्यांनी ती घ्यायची म्हटलं, तर दुचाकीवाल्यांचं काय? त्यापेक्षा कारखान्याच्या गेटवर प्रत्येक ट्रॉलीची, कारला खाली शिरू न देणारी मागची आडवी पट्टी आणि रिफ्लेक्टर तपासणं कितीतरी स्वस्त पडेल.