फार्मसीला जायचंय? मग अकरावीपासून बोलू या

समोर अकरावी-बारावीची मुलं आहेत, त्यांचे आईबाबा आहेत, आणि मागच्या रांगेत ज्युनिअर कॉलेजचे काही शिक्षकही दिसताहेत. फार्मसीत भवितव्य आहे की नाही, यावर आज आम्ही बोलणार नाही. जायचं ठरलंय असं धरून पुढचं बोलू.

आम्ही फार्मसी शिकवतो आणि प्रवेशाच्या दिवसांत सुविधा केंद्रावर कागदपत्रं तपासायलाही बसतो. त्यामुळे एकच मूल आम्हाला दोनदा भेटतं. एकदा फाइल हातात घेऊन आईवडिलांबरोबर, आणि पुन्हा पहिल्या सेमिस्टरच्या निकालानंतर, एकटं. पहिल्या भेटीत सगळे सीईटीच्या पर्सेंटाइलबद्दल विचारतात. दुसऱ्या भेटीत पर्सेंटाइलचा विषयच निघत नाही, तेव्हा केमिस्ट्री निघते. या दोन भेटींमधलं अंतर का पडतं, तेच आज सांगायचंय.

आधी पात्रता. बी.फार्मसाठी बारावी सायन्स हवं. इंग्रजी, फिजिक्स, केमिस्ट्री हवंच, आणि त्याबरोबर गणित किंवा बायोलॉजी यांपैकी एक. 'फार्मसीला बायोलॉजी लागतेच' हा समज चुकीचा आहे, तसंच 'गणित सोडलं की फार्मसीचे दरवाजे बंद' हाही. राज्याच्या नियमानुसार ग्रुपमध्ये खुल्या गटाला ४५ टक्के आणि राखीव गटाला ४० टक्के लागतात, आणि एमएचटी-सीईटी दिलेली लागते. बोर्डाचे गुण पात्रतेपुरते, गुणवत्ता यादी सीईटीवर. मात्र यावरून 'बोर्डाचं काही नाही' असं जे मुलं म्हणतात ना, त्यावर थोड्या वेळानं येतो.

आता सीईटीची रचना नीट बघा, कारण सगळी गोम तिथे आहे. पेपर एकूण २०० गुणांचा. फिजिक्स ५० प्रश्न, केमिस्ट्री ५० प्रश्न, प्रत्येकी एक गुण. बायोलॉजीवाल्यांना १०० प्रश्न, प्रत्येकी एक गुण. गणितवाल्यांना ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण. म्हणजे कुठल्याही ग्रुपमध्ये बायोलॉजी किंवा गणित एकटं निम्मे गुण घेऊन जातं आणि केमिस्ट्रीच्या वाट्याला उरतो पाव हिस्सा. क्लासवाले हुशार असतात, ते मुलांना लगेच सांगतात की जिथे जास्त गुण तिथे जोर लावा. परीक्षेपुरतं ते बरोबरच आहे.

पण डिग्रीला गेल्यावर काय वाढून ठेवलंय? फार्मसी कौन्सिलच्या २०१४ च्या नियमावलीतला अभ्यासक्रम घ्या. पहिल्या सेमिस्टरला इनऑरगॅनिक केमिस्ट्री आणि ॲनालिसिस. दुसऱ्याला ऑरगॅनिक एक आणि बायोकेमिस्ट्री. तिसऱ्याला ऑरगॅनिक दोन. चौथ्याला ऑरगॅनिक तीन आणि त्याच्याच जोडीला मेडिसिनल केमिस्ट्री एक. पाचव्याला, सहाव्याला मेडिसिनलचे पुढचे दोन भाग. सातव्याला उपकरणांनी करायचं ॲनालिसिस. आठ सेमिस्टरपैकी सातांमध्ये केमिस्ट्री कुठल्या ना कुठल्या नावानं बसलेली आहे. प्रवेशाला पाव असलेला विषय पुढे सगळं घर व्यापतो.

गंमत म्हणजे, तुम्ही जो विषय सोडून आलात त्याची सोय अभ्यासक्रमानंच केली आहे. पहिल्या सेमिस्टरला बायोलॉजीवाल्या मुलाला रेमेडियल मॅथेमॅटिक्स असतं आणि गणितवाल्या मुलीला रेमेडियल बायोलॉजी. म्हणजे ते अंतर भरून काढायला कॉलेज मदत करतं. रेमेडियल केमिस्ट्री नावाचा पेपर मात्र नाही. ती तुम्हाला येते असं गृहीत धरलंय. फार्मसीची न लिहिलेली पूर्वअट कुठली असं कुणी विचारलं तर आम्ही हेच सांगू: बारावीपर्यंतची केमिस्ट्री, आणि त्यातही हात घालून केलेली.

हात घालून म्हणजे काय? पहिल्या सेमिस्टरच्या ॲनालिसिसच्या प्रॅक्टिकलला टायट्रेशन असतं. आम्ल-अल्कली, रेडॉक्स, कॉम्प्लेक्सोमेट्री, एकामागून एक. आता बारावीच्या बोर्डाला पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन आहेच. पण हल्ली 'इंटिग्रेटेड' नावाखाली मुलांची नावं एका कॉलेजात आणि मुलं दिवसभर क्लासमध्ये अशी व्यवस्था सर्रास चालते. प्रॅक्टिकलचे ३० गुण मिळतात, जर्नल पूर्ण असतं, आणि मुलानं ब्युरेट हातात धरलेला नसतो. असं मूल आमच्याकडे आलं की पहिल्याच आठवड्यात कळतं. ब्युरेटचा कॉक कुठल्या हातानं फिरवायचा, शेवटचा थेंब कसा सोडायचा, फिका गुलाबी आणि गडद गुलाबी यांत काय फरक, हे सगळं त्याला अठराव्या वर्षी नव्यानं शिकावं लागतं. त्यात त्याचा दोष कमी. पण पालकहो, कॉलेज निवडताना तुम्ही एक प्रश्न विचारू शकता: प्रॅक्टिकल खरंच होतात का, आणि आठवड्यात किती वेळा?

बोर्डाचं महत्त्व इथे आहे. बोर्डासाठी अभिक्रिया लिहून काढाव्या लागतात, सीईटीत फक्त पर्याय निवडायचा असतो. लिहिण्याची सवय गेली की ऑरगॅनिकच्या दुसऱ्या सेमिस्टरला मूल अडखळतं, हे आम्ही दरवर्षी बघतो.

गणिताचीही एक गोष्ट सांगतो, कारण बायोलॉजीवाली मुलं फार घाबरतात. पहिल्या सेमिस्टरच्या फार्मास्युटिक्समध्ये जी गणितं लागतात ती सातवी-आठवीच्या टक्केवारीची. उदाहरणार्थ, तुमच्याकडे १० टक्क्यांचं द्रावण आहे आणि २ टक्क्यांचं आहे, तुम्हाला ५ टक्क्यांचं हवंय. किती-किती मिसळाल? पाचातून दोन गेले तीन, म्हणून १० टक्क्यांचे तीन भाग. दहातून पाच गेले पाच, म्हणून २ टक्क्यांचे पाच भाग. याला ॲलिगेशन म्हणतात. किराणा दुकानदार दोन भावांचा तांदूळ मिसळताना हेच करतो. हे ज्याला जमलं त्यानं फार्मसीतल्या गणिताला घाबरायचं कारण नाही. कॅल्क्युलस रेमेडियलमध्ये येतं, तेही झेपेल इतपतच.

बरं, मग सीईटीची तयारी कशी करायची? अभ्यासक्रम राज्य मंडळाच्या पुस्तकांवर आहे, साधारण ८० टक्के बारावीचा आणि २० टक्के अकरावीचा. अकरावीचं सगळं पुस्तक नाही, ठरावीक प्रकरणं. ती प्रकरणं कुठली ते बघा: केमिस्ट्रीत रासायनिक बंध, रेडॉक्स, हायड्रोकार्बन, बायोलॉजीत जैवरेणू, श्वसन, मानवी पोषण, उत्सर्जन. फार्मसीच्या पहिल्या वर्षाची ही जवळजवळ पायाभरणी आहे. अकरावीला 'आराम वर्ष' समजणारी मुलं इथेच दोन्हीकडून फसतात, सीईटीतही आणि नंतरही.

पेपरच्या वेळेचा हिशेब घरी करून बघा. पहिल्या ९० मिनिटांत फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. ती ९० मिनिटं संपेपर्यंत बायोलॉजी उघडतच नाही, आणि एकदा उघडली की मागे जाता येत नाही. म्हणून 'बायोलॉजी पटकन उरकून उरलेला वेळ फिजिक्सला' हा बेत इथे चालत नाही. नीटमध्ये चालतो. दुसरा फरक निगेटिव्ह मार्किंगचा. नीटला चुकलं की एक गुण जातो, सीईटीला जात नाही. वर्षभर नीटचा सराव केलेलं मूल सीईटीत सवयीनं प्रश्न सोडून येतं. सीईटीत एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही, हे मुलांच्या हाडीमासी भिनलं पाहिजे.

आणि निकाल येतो तो पर्सेंटाइलमध्ये. 'माझ्या मुलाला ८५ टक्के आहेत' असं सांगणाऱ्या बाबांना आम्हाला रोज समजवावं लागतं: ८५ पर्सेंटाइल म्हणजे त्या सत्रातली ८५ टक्के मुलं त्याच्या बरोबरीला किंवा मागे आहेत. त्याला २०० पैकी किती पडले ते त्यातून कळत नाही.

नीटचा विषय निघालाच आहे तर सर्वांत महागात पडणारी चूक सांगतो. सीईटीचे फॉर्म हिवाळ्यातच सुरू होतात, बारावीच्या परीक्षेच्या आधी. त्या वेळी घरात एकच सूर असतो: डॉक्टरच व्हायचंय, कशाला दुसरा फॉर्म? जूनमध्ये नीटचा निकाल लागतो, आकडा जुळत नाही, आणि तेव्हा फार्मसी आठवते. तोवर सीईटी होऊन गेलेली असते. राज्याच्या विद्यार्थ्यांच्या जागा सीईटीवर भरतात, त्यामुळे एक अख्खं वर्ष जातं, किंवा मिळेल त्या कॉलेजात मॅनेजमेंटच्या जागेवर पैसे मोजावे लागतात. फॉर्म भरून ठेवायला फार खर्च येत नाही. नीटचा ध्यास सोडा असं आम्ही म्हणत नाही. फॉर्म तेवढा भरा.

पैशांचा मुद्दा मुलींच्या आईबाबांनी विशेष लक्ष देऊन ऐका. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश कॅप फेरीतूनच झालेला हवा. आता काय होतं, फार्मसीच्या कॅप फेऱ्या अलीकडे इंजिनिअरिंगपेक्षा बऱ्याच उशिरा सुरू होतात, कारण कॉलेजांच्या मान्यता यायला वेळ लागतो. ऑगस्ट उजाडतो, शेजारची मुलं कॉलेजला जायला लागतात, घरच्यांचा धीर सुटतो आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून मॅनेजमेंट कोट्यात पैसे भरले जातात. त्या एका घाईनं चार वर्षांची फीमाफी जाते. थांबा. आणि पसंतीक्रम भरताना पहिल्या क्रमांकावर तेच कॉलेज टाका जे मिळाल्यावर तुम्ही खरंच घ्याल, कारण पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली की पुढच्या फेऱ्या तुमच्यासाठी बंद होतात.

कागदपत्रांवर फार बोलत नाही. जात पडताळणी अकरावीतच कॉलेजमार्फत टाका, समितीला महिने लागतात. नॉन-क्रिमिलेयर आणि उत्पन्नाचा दाखला त्या-त्या वर्षीचा लागतो.

कॉलेजबद्दल एक तपासणी मात्र घरबसल्या करा. २०२० पासून नवीन फार्मसी कॉलेजांवर पाच वर्षांची स्थगिती होती. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द ठरवली आणि त्यानंतर गावोगावी फलक लागले. इमारत बघून भुलू नका. फार्मसी कायदा, १९४८ च्या कलम १२ खाली त्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, हे कौन्सिलच्या संकेतस्थळावर बघा. ती नसेल तर डिग्री हातात येऊनही फार्मासिस्ट म्हणून नोंदणी अडते.

ज्यांना सीईटी जमलीच नाही, त्यांच्यासाठी डी.फार्म आहे आणि आम्ही त्याला दुय्यम मानत नाही. प्रवेश बारावीच्या गुणांवर, दोन वर्षं, मग ५०० तासांचं प्रशिक्षण. त्यानंतर थेट बी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. फक्त एक बदल ध्यानात ठेवा: २०२२ च्या नियमांनुसार आता डी.फार्मनंतर एक्झिट परीक्षा आहे. तीन पेपर, प्रत्येकात किमान ५० टक्के. ती पास झाल्याशिवाय फार्मासिस्ट म्हणून नोंदणी नाही. 'दोन वर्षं काढली की मेडिकल टाकू' हा जुना हिशेब आता चालत नाही.

काही चिठ्ठ्या आल्यात, त्यांतल्या दोन घेतो.

पहिली: 'मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती. सीईटी मराठीतून द्यावी का?' फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीचे प्रश्न मराठीतून मिळू शकतात, गणित फक्त इंग्रजीत. पण ताई, अकरावी-बारावीची तिची पुस्तकं इंग्रजी आहेत, सराव इंग्रजीत झालाय. परीक्षेच्या खोलीत 'विद्राव्यता' आणि 'सोल्युबिलिटी' यांची जोडी लावत बसण्यापेक्षा इंग्रजी घेतलेलं बरं. मराठीचा उपयोग समजून घेताना करा, तिथे तो खूप होतो.

दुसरी: 'भाऊ अमेरिकेत आहे. मुलाला इथून बी.फार्म करून तिकडे फार्मासिस्ट होता येईल का?' यासाठी निर्णय बारावीलाच घ्यावा लागतो. तिथे परदेशी पदवीधरांना आधी एफपीजीईसी प्रमाणपत्र लागतं, आणि २००३ च्या सुरुवातीपासून पुढे पदवी घेतलेल्यांसाठी पाच वर्षांचा अभ्यासक्रम मागतात. आपलं बी.फार्म चार वर्षांचं, म्हणून ते अडतं. आपल्याकडचं फार्म.डी. इंटर्नशिपसह सहा वर्षांचं आहे, ते त्या अटीत बसतं. आणि तिथल्याच कॉलेजात शिकायचं असेल तर पीकॅट नावाची जी प्रवेश परीक्षा होती ती जानेवारी २०२४ नंतर बंद झाली; आता कॉलेजं बघतात ते आधीच्या वर्षांत घेतलेले विषय. त्या विषयांच्या याद्यांत जनरल केमिस्ट्री आणि ऑरगॅनिक केमिस्ट्री असतेच.

बाकीच्या चिठ्ठ्या कागदपत्रांच्या आहेत. त्या बाहेर टेबलावर बघू, फाइल आणली असेल तर घेऊन या.