आपलं इथेनॉल आणि जुन्या गाडीचं आयडलिंग

सभासद बंधूंनो, २०२५ साली पेट्रोलातलं इथेनॉल २० टक्क्यांवर गेलं, तेव्हापासून गट ऑफिसात एकच तक्रार: "साहेब, जुनी गाडी उभ्या जागी बंद पडते." आपल्याच उसाच्या मालाची ही बदनामी जिव्हारी लागते.

तक्रारीत थोडं खरं आहे. एक किलो पेट्रोल जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. म्हणजे तेवढ्याच हवेत मिश्रण जरा जास्त पाहिजे. कार्बोरेटरमध्ये जेटचं भोक ठरलेलं, ते काही आपोआप मोठं होत नाही. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत सायलेन्सरच्या नळीवरचा ऑक्सिजन सेन्सर कॉम्प्युटरला खबर देतो आणि इंजेक्टर किंचित जास्त वेळ उघडा राहतो. पाटकऱ्यानं दार धरून ठेवावं तसं.

मग अशी गाडी का बंद पडते? अॅक्सिलरेटर सोडला की हवेची मुख्य झडप मिटते. इंजिन बाजूच्या बारीक वाटेनं श्वास घेतं. त्या वाटेवरच्या आयडल व्हॉल्व्हात काजळी धरली की हवा तुटते. तिथं इथेनॉलचा काय दोष? आधी तो व्हॉल्व्ह साफ करून घ्या. जुन्या रबरी नळ्या मात्र बघाच, इथेनॉलनं त्या फुगतात, चिरतात.